स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा, मराठीत सांगा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. स्क्रू आवळायचा असेल तर कुठल्या बाजूला फिरवायचा? मराठीत सांगा, एका दमात सांगा आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून सांगा.

जमत नाही ना? गेल्या आठवडाभरात मी हा प्रश्न पंधरा-वीस जणांना विचारला. त्यात गॅरेजवाले होते, प्लंबर होते, दोन डिग्रीवाले इंजिनिअर होते, विज्ञान शिकवणारे एक मास्तर होते. सगळ्यांचं उत्तर एकच, "असा." आणि हवेत मनगट गर्रकन फिरतं. हात धरून ठेवला की माणूस मुका होतो. मास्तर म्हणाले, "क्लॉकवाइज." म्हटलं, सर, मराठीत. तर म्हणाले, "घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने." उत्तर बरोबर आहे, पुस्तकात तसंच छापलंय. पण ट्रकखाली पाठीवर झोपलेला मिस्त्री, तोंडावर ऑइल टपकतंय, आणि तो हाताखालच्या पोराला ओरडून सांगतोय, "अरे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरव रे!" असं तुम्ही उभ्या आयुष्यात ऐकलंय का? मी तरी नाही.

हा विषय डोक्यात शिरायला निमित्त झालं मराठी भाषा गौरव दिनाचं. एका कार्यक्रमात प्रमुख पाहुणे होते, नाव घेत नाही, आपल्याच भागातले यशस्वी माणूस आहेत. अभिजात दर्जावर सुंदर बोलले. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने दर्जा दिला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. टाळ्या पडल्या. आणि शेवटी सहज बोलून गेले, "मराठी आपली संस्कृतीची भाषा आहे, ती जपू या. पण मशीनच्या बाबतीत मराठीचा हट्ट नको, मशीनला मराठी कळत नाही." त्यालाही टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या वाक्यावरच ही पोस्ट आहे.

मशीनला मराठी कळत नाही, कबूल. मशीनला इंग्रजी तरी कुठे कळतं? कळायचं असतं ते मशीनसमोर उभ्या असलेल्या पोराला. आणि आपल्या तालुक्यात मशीनसमोर उभं असलेलं पोर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेलं आहे.

आता बाकीच्या भाषांनी काय केलंय ते बघा. इंग्रजीत 'राइटी टाइटी, लेफ्टी लूझी' असं एक यमक आहे. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. तिकडचं शाळकरी पोरही ते गुणगुणत नळ बंद करतं. जर्मन लोकांचं जुनं यमक तर राजकीय आहे. जोवर जर्मन साम्राज्य उभं आहे तोवर स्क्रू उजवीकडेच फिरणार, अशा अर्थाचं. साम्राज्य धुळीला मिळालं, स्क्रू अजून उजवीकडेच फिरतोय, आणि कारागीर ते यमक गंमत म्हणून अजून सांगतात. स्पॅनिशवाल्यांनी त्याहून कडी केली. त्यांच्याकडे म्हणतात, उजवी बाजू दाबते, डावी बाजू मोकळं करते. म्हणजे पाना हातात घेतला की राजकारणावरही बोलून झालं. (आपल्याकडे हे चालणार नाही. आपल्या तालुक्यात सकाळी उजवा असलेला माणूस संध्याकाळी कुठे असेल, ते त्याचं त्यालाच माहीत नसतं.) डचांनी तर चार शब्दांची आद्याक्षरं जोडून 'ड्रोल' असा शब्द केलाय. बंद उजवीकडे, उघड डावीकडे, असा त्याचा अर्थ. आणि डच भाषेत ड्रोल म्हणजे विष्ठेची लेंडी. एकदा ऐकलेलं पोर जन्मात विसरणार नाही. शिकवायचं म्हणजे असं शिकवायचं.

आणि मराठी? मराठीत आपण 'असा' म्हणतो.

पण थांबा. लगेच इंग्रजी यमकाचं भाषांतर करून भिंतीवर रंगवायला धावू नका. मला भीती त्याचीच आहे. कारण ते यमक अर्धवट आहे. उजवीकडे म्हणजे कुठे? गोल फिरणाऱ्या वस्तूचा वरचा भाग उजवीकडे जातो तेव्हा खालचा भाग डावीकडे जात असतो. पान्याचा दांडा वर असेल तर उजवीकडे ढकलायचा, दांडा खाली लोंबत असेल तर डावीकडे. बेसिनखाली आडवं पडून नट सोडवणाऱ्या माणसाला विचारा, त्याचं उजवं-डावं कधीच पाण्यात वाहून गेलेलं असतं.

आपल्या आया-बहिणींना हे कुणी शिकवावं लागत नाही. कानातल्याची फिरकी बघा. फिरकी कानाच्या पाळीमागे, डोळ्याला दिसत नाही, आरशातही दिसत नाही. समोरून बघणाऱ्याला ती आवळताना डावीकडे फिरते, मागून बघणाऱ्याला तीच उजवीकडे फिरते. बाई उजवं-डावं काही म्हणत नाही, दोन बोटांत धरते आणि आवळते. चुकली तर सोनं रस्त्यावर पडतं, म्हणून चुकत नाही. हजारो बायका रोज सकाळी हे करतात आणि आपण म्हणतो, बायकांना टेक्निकल काम जमत नाही! असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

उजव्या-डाव्याचा हा घोळ आपल्याच माणसांनी एका ठिकाणी अगदी चोख सोडवलाय. शेतकऱ्याला विचारा, उजवा कालवा म्हणजे कुणाच्या उजवीकडचा? आपल्याकडे धरण म्हटलं की उजवा कालवा, डावा कालवा आलाच. जायकवाडीचा डावा कालवा, नीरेचा उजवा कालवा. नियम एकच. पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, मग तुमची उजवी ती नदीची उजवी. चौथी शिकलेला पाटकरीसुद्धा यात चुकत नाही, कारण आधी तोंड कुठे करायचं ते ठरलेलं आहे. स्क्रूचंही तेच. स्क्रू ज्या दिशेला आत घुसवायचा त्या दिशेला तोंड करा, त्याच्या डोक्याकडून बघा, मगच उजव्याला अर्थ येतो. विज्ञानाचं पुस्तक यालाच उजव्या हाताचा नियम म्हणतं. अंगठा स्क्रू जिकडे न्यायचा तिकडे धरा, बाकीची बोटं जिकडे वळतात तिकडे फिरवा. आत घालायचा तर अंगठा आत, बाहेर काढायचा तर अंगठा बाहेर. यात भाषा लागत नाही आणि ट्रकखाली झोपूनही चालतं. पण हा नियम आपण पोरांना चुंबकाच्या धड्यात शिकवतो, मार्क घेतो आणि विसरतो. तोच नियम नळाच्या तोटीला लागतो हे सांगायचं राहून जातं.

तोंड कुठे करायचं हे आधी ठरवलं नाही तर काय होतं, त्याचा नमुना देवघरात आहे. दक्षिणावर्ती शंख म्हणून जो लाखमोलाचा विकला जातो, त्याला प्राणिशास्त्राचं पुस्तक डावखुरा शंख म्हणतं. शंख तोच. ते लोक टोक वर धरून त्याचं तोंड कुठल्या बाजूला उघडतं ते बघतात, आपण टोक खाली धरून बघतो. दोघंही बरोबर आणि दोघांचा शब्द एकमेकांच्या उलटा.

आणि याच शब्दाला पकडून आपल्या परिभाषावाल्यांनी 'दक्षिणावर्त' आणि 'वामावर्त' असे शब्द दिलेत. परिभाषा कोशांची मी टिंगल करत नाही. भाषा संचालनालयाने १९६० पासून केलेलं काम प्रचंड आहे, आणि कार्यालयातली कितीतरी मराठी त्या कामावर उभी आहे. पण हा शब्द ज्याच्यासाठी केला त्याला एकदा तरी विचारलं होतं का? फिटरच्या हाताखालच्या पोराला 'वामावर्त फिरव' म्हटलं तर तो म्हणेल, दादा, देवाचं काय चाललंय का?

बरं, मराठीला शब्द कमी होते का? स्क्रूला मराठीत जुना शब्द आहे मळसूत्र. प्रवासात पाणी न्यायला आपल्या आजोबांकडे फिरकीचा तांब्या असायचा, त्याचं झाकण फिरवून बसवायचं. नटाच्या आतल्या रेघांना कारागीर आटे म्हणतो, जास्त पिळला तर 'आटे गेले' म्हणतो. घट्ट करायला आवळणं, सैल करायला ढिलं करणं. यातला एकही शब्द समितीने केलेला नाही, हे शब्द हातांनी केलेत. आणि बहुतेक शब्द अजून जिवंत आहेत, उद्या सकाळी बसस्टँडमागच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाऊन ऐका. फक्त त्यांना शाळेत प्रवेश नाही. आयटीआयच्या फळ्यावर 'थ्रेड' लिहिलेलं असतं, बाहेर आल्यावर मिस्त्री 'आटे' म्हणतो, आणि ही दोन्ही एकच गोष्ट आहे हे पोराला वर्षभराने उमगतं.

त्यात आपल्याकडचे अर्धे कारागीर हिंदी पट्ट्यातून आलेले. माणसं कष्टाळू, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण भाषेची गंमत बघा. ते म्हणतात, "उल्टे हाथ घुमा." त्यांच्या बोलीत सीधा हाथ म्हणजे उजवा आणि उल्टा हाथ म्हणजे डावा. आपल्या मराठी पोराच्या डोक्यात उलटा हात म्हणजे पालथा हात, उलट्या हाताची ठेवून देतात ना, तो. किंवा मग उलटा म्हणजे 'तू आत्ता करतोयस त्याच्या विरुद्ध'. आता पोर आधीच डावीकडे फिरवत असेल आणि 'उलटा' ऐकून त्याने उजवीकडे जोर लावला, तर चूक कुणाची? शिव्या मात्र पोराला.

मला काहींनी सुचवलं, 'प्रदक्षिणा' शिकवा. मारुतीला प्रदक्षिणा घालतो तसं फिरवलं की आवळतं. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि वरून बघितलं तर दिशाही बरोबर आहे. देव आपल्या उजव्या हाताला ठेवून आपण फिरतो, म्हणजे काट्यांसारखंच. पण वर्गात शेजारी बसलेल्या मुसलमान पोराच्या घरी हजला जाऊन आलेले आजोबा आहेत. काबाभोवतीचा तवाफ नेमका उलट्या दिशेने असतो, काबा डाव्या हाताला ठेवून. त्याला प्रदक्षिणा म्हणून शिकवायला गेलात तर निम्म्या वर्कशॉपचे आटे जातील. आपल्या गावात वेल्डिंगची निम्मी दुकानं कुणाची आहेत, ते सांगायला नको. देवाला या कामातून मोकळं ठेवू या. सगळ्या पोरांनी मिळून केलेलीच प्रदक्षिणा हवी असेल तर शाळेचं मैदान आहे. धावण्याच्या शर्यतीत गोल मैदानावर सगळे डाव्या हाताला वळत धावतात, जगात सगळीकडे. ती झाली ढिलं करायची दिशा.

घड्याळाचं म्हणाल, तर मोबाइलवर आकडे बघून वाढलेल्या पोराला काटे कुणीकडून फिरतात हे आठवावं लागतं. विश्वास नसेल तर घरात विचारून बघा.

मग करायचं काय? मला जपानी लोकांची युक्ती आवडली. त्यांच्या लिपीत 'नो' असं एक अक्षर आहे, ते लिहिताना हात गोल उजवीकडून फिरतो. ते म्हणतात, नो गिरवल्यासारखं फिरव. संपलं. उजवं नाही, डावं नाही, घड्याळ नाही. लिपी हातात असतेच, पहिलीपासून गिरवलेली.

हे वाचल्यावर मी पाटी घेऊन बसलो. खरंच. आपली लिपी काय कमी गोल आहे? तुम्हीही आत्ता बोटाने टेबलावर गिरवून बघा. 'आ' काढा. सुरुवात कुठे होते? वरून डावीकडून निघालात, उजवीकडे गेलात, खाली वळलात, परत आत आलात, पुन्हा उजवीकडून खाली. दोन्ही पोटं काट्याच्या दिशेने. आ, आवळायचा आ! आता 'ढ' काढा. दांडीवरून खाली, डावीकडे, तळातून उजवीकडे, वर आणि आत गाठ. पूर्ण उलटा फेरा. ढ, ढिलं करायचा ढ! आवळायचं तर आ गिरवा, ढिलं करायचं तर ढ गिरवा. स्क्रूच्या डोक्यावर गिरवा, नळाच्या तोटीवर गिरवा, बरणीच्या झाकणावर गिरवा. अट एकच, स्क्रूच्या डोक्याकडे तोंड करून गिरवायचं, कालव्याच्या नियमाने.

शोध लागला वगैरे म्हणत नाही. कदाचित एखाद्या मास्तरने हे आधीच शिकवलं असेल, शिकवलं असेल तर त्यांच्या पाया पडतो. पण मला या 'ढ'ने अस्वस्थ केलं. कारण आपल्याकडे दहावीला कमी मार्क पडलेल्या पोराला आपण हेच अक्षर चिकटवतो. 'ढ आहे, आयटीआयला टाका.' टाका! पोर टाकतात का? आणि टाकल्यावर त्याला त्याच्या भाषेत एक ओळ सांगायची नाही. मग त्याने नट उलटा पिळून आटे घालवले की आपण म्हणायला मोकळे, बघा, म्हटलं होतं ना, ढ आहे.

आता ज्यांना वाटतंय की हा सगळा भाषेचा लाड आहे, त्यांनी पुढचं नीट वाचा. सगळे आटे सुलटे नसतात. जगातले बहुतेक आटे उजवे, कारण बहुतेक माणसं उजव्या हाताने काम करतात आणि उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळवताना दंडाचा जोर मिळतो. पण काही आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात. सायकलचं डावं पायडल बघा. तिथे सुलटे आटे असते तर पायडल मारता मारता हळूहळू सुटून आलं असतं, म्हणून उलटे. अमेरिकेत विमानाच्याही आधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० साली आपल्या सायकलींची ही खासियत सांगितली होती. घरातल्या टेबलफॅनची पाती धरून ठेवणारी टोपी बहुतेकदा उलट्या आट्यांची. जुन्या काही ट्रक-बसच्या डाव्या चाकांचे नट उलटे. इथे ते इंग्रजी यमक म्हणत बसलात तर जोर लावाल तितकं आवळत जाईल, आणि मग पाइप लावून जोर लावाल, आणि मग स्टड तुटेल.

सायकलच्या दुकानातले जुने मिस्त्री यावर काय सांगतात, ऐका. पाना उभा लावायचा. पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतं, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं. डावं असो की उजवं, दोन्ही बाजूंना तेच. पडताळून बघा, बरोबर येतं. यात सुलटे आटे, उलटे आटे दोन्ही आले आणि उजवं-डावं एकदाही म्हणावं लागलं नाही. हे ज्ञान मराठीत आहे, तोंडी आहे, आणि ते मिस्त्री आता सत्तरीत आहेत.

पायडलने फार तर गुडघा फुटेल. वेल्डिंगच्या दुकानात काय होईल? तिथे दोन टाक्या शेजारी शेजारी उभ्या असतात. काळी, ती ऑक्सिजनची. गडद मरून रंगाची, ती ॲसिटिलिनची. ऑक्सिजनचे आटे सुलटे, ॲसिटिलिनचे उलटे. पेटणाऱ्या गॅसचं रेग्युलेटर चुकूनही दुसऱ्या टाकीवर बसू नये, म्हणून ही योजना. आणि ओळखायला उलट्या आट्यांच्या नटाच्या कोपऱ्यांवर एक खाच पाडलेली असते. शंभरातल्या किती पोरांना ती खाच माहीत आहे? मी आपल्याकडच्या सात दुकानांत फिरलो. उस्तादांना सगळ्यांना माहीत. पोरांना विचारलं तर तिघं म्हणाले, "डिझाइन असेल." ॲसिटिलिन असा गॅस आहे की हवेत अडीच टक्के मिसळला तरी पेट घेतो. 'बसत नाहीये' म्हणून नटावर उलटा जोर काढला, आटे खराब झाले आणि जोडातून गॅस सुटत राहिला, तर पुढचं सांगायला पोरगा राहील याची खात्री नाही. एक चाचा मला म्हणाले, "भाई, मी पोराला पहिल्या दिवशी फक्त खाच दाखवतो. दुसरं काही नाही. हिला हात लावायच्या आधी मला हाक मार, बस." त्या चाचांचं वाक्य टाकीवरच्या इंग्रजी स्टिकरपेक्षा जास्त जीव वाचवतं.

आणि पाण्याचं तर तुम्हीच भोगलंय. आपल्याच भागातल्या एका गावाची गोष्ट, गावाचं नाव घालत नाही, ओळखणारे ओळखतील. जुना व्हॉल्व्हमन रिटायर झाला, जागा भरली नाही, ठेकेदाराचा पोरगा लावला. रस्त्याखालच्या चेंबरमधले बहुतेक व्हॉल्व्ह सुलटे फिरवले की बंद होतात. जुन्या वस्तीतला एक मात्र उलटा बंद होतो, कुणी, कधी बसवला देव जाणे. ते फक्त रिटायर झालेल्या काकांना ठाऊक. कुठे लिहिलेलं नाही, नकाशावर नाही, झाकणावर नाही. पोराने फिरवला, अडकला, म्हणून टी-चावीला पाइप घालून दोघांनी जोर लावला. आतला दांडा तुटला. तीन दिवस निम्म्या गावाला टँकर. चौकशीत काय निघालं? 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.' पोराला काढलं. पांढऱ्या रंगाचा एक बाण झाकणावर काढला असता तर किती खर्च आला असता हो? चाळीस रुपये?

मला माहीत आहे, काही जण म्हणणार, "मग इंग्रजीच शिकवा ना नीट, कशाला हा खटाटोप?" शिकवा की, नको कोण म्हणतंय? पोरगा उद्या पुण्याला, चाकणला, दुबईला जाईल, त्याला 'लेफ्ट हँड थ्रेड' हे शब्द आलेच पाहिजेत. पण जे हाताला कळलंय त्याच्यावर इंग्रजी शब्द चिकटतो. हाताला कळलंच नसेल तर तो शब्द नुसता परीक्षेपुरता राहतो. दुसरे म्हणतील, "यूट्यूबवर सगळं आहे." आहे, आणि चांगलं आहे. पण सेल्फी कॅमेऱ्यातून काढलेला व्हिडिओ काही फोनमध्ये आरशासारखा उलटा सेव्ह होतो, हे माहीत आहे ना? त्यात आवळणारा माणूस तुम्हाला ढिलं करताना दिसतो. बघून शिका बिनधास्त, पण आधी त्याच्या शर्टावरची अक्षरं सुलटी आहेत का बघा.

आणि आमचे मराठीप्रेमी? दुकानाची पाटी मराठीत नाही म्हणून दगड घेऊन जाणारे? पाटी मराठीतच हवी, मीही लिहिलंय तसं, कायदाही तेच सांगतो. पण भाऊ, एकदा पाटीच्या आतही या. आत ग्राइंडर आहे, टाक्या आहेत, त्यावर धोक्याची सूचना आहे आणि ती सोळा वर्षांच्या पोराला वाचता येत नाही. त्यासाठी एकही मोर्चा निघालेला माझ्या बावीस वर्षांच्या पत्रकारितेत मी कव्हर केलेला नाही. पाटीचा फोटो चांगला येतो, आट्यांचा येत नाही, एवढाच फरक.

माझं मागणं फार मोठं नाही. आयटीआयच्या प्राचार्यांशी बोललो, माणूस चांगला आहे. म्हणाले, अभ्यासक्रम वरून येतो, पण भिंत माझी आहे, भिंतीवर काय लिहायचं ते मी ठरवू शकतो. तर तिथे 'आ' आणि 'ढ' मोठे काढू, अक्षराच्या बाजूला बाण. त्याखाली खाच पाडलेल्या नटाचं चित्र आणि चाचांचं वाक्य. 'आटे' आणि 'थ्रेड' शेजारी शेजारी लिहू. ज्यांचा हात चित्रकलेत बरा आहे त्यांनी मला मेसेज करा.

दुसरं, व्हॉल्व्हचं. आपल्या नगरपालिकेत सोमवारी सकाळी ११ वाजता निवेदन द्यायला जातोय, गावातल्या प्रत्येक चेंबरच्या झाकणावर बंद करायच्या दिशेचा बाण काढावा म्हणून. मंजुरी यायला सहा महिने लागणार हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून निवेदन देऊन झालं की आम्ही पाच-सहा जण थेट जुन्या वस्तीत जाणार आहोत. आपल्याकडचे रिटायर व्हॉल्व्हमन काका यायला तयार आहेत, प्रत्येक झाकणापाशी उभे राहून दिशा सांगणार आहेत. पांढरा ऑइलपेंट आणि दोन ब्रश मी आणतोय. झाकणं उचलायला पहार कुणाकडे असेल तर घेऊन या.